शंभर कोटींचं छत्र

पन्हाळ्यावरच्या आमच्या हॉटेलाचं नाव ‘वस्ती’. नाव आबांनी ठेवलं आणि त्यावरून आईनं त्यांना जन्मभर सुनावलं, कारण फोनवर मुंबईची माणसं हमखास विचारायची, ‘कुठली वस्ती?’ आबांचं म्हणणं साधं होतं. संध्याकाळी माणूस आपल्याकडं वस्तीला उतरला की निघेपर्यंत त्याची काळजी आपली. त्याचं पोट बिघडलं, जिन्यात पाय मुरगळला, थंडी वाजली, तरी ते आपल्यावर. विमा म्हणजे आबांच्या लेखी माणूस गेल्यावर त्याच्या बायकोला मिळणारी रक्कम. हॉटेलाचाही विमा उतरवतात आणि त्या विम्यावर आणखी एक विमा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला आधी चहा पाजला असता आणि मग एसटीत बसवून दिलं असतं.

मी वैजयंती सरनोबत, त्यांची एकुलती एक मुलगी. आबा गेले, आई गेली, नवराही लवकर गेला, आणि बारा खोल्यांची ही ‘वस्ती’ माझ्या गळ्यात पडली. गळ्यात पडली असं म्हणते खरी, पण ती कुणी काढून घ्यायला आला असता तर मी त्याला कडकडून चावले असते.

आमच्याकडं एक रीत होती. पाहुणा आला की चपला पायरीखाली काढायच्या, पायरीवर बसायचं आणि पायांवर गरम पाणी घ्यायचं. आमचा बाबालाल मुल्लाणी तांब्याच्या बंबात नारळाच्या शेंड्या कोंबून पाणी तापवायचा, घंगाळात विसण घालून आणायचा आणि पाहुणा कलेक्टर असो की कॉलेजचं पोरगं, पाय धुतल्याशिवाय त्याला आत सोडायचा नाही. एकदा पाय धुतले की मुक्काम संपेपर्यंत सगळे अनवाणी. माझ्या लहानपणी ‘वस्ती’त बुटांचा आवाज कधी ऐकूच आला नाही. खोलीची किल्ली एवढ्या मोठ्या सागवानी ठोकळ्याला बांधलेली असायची की ती चुकून खिशात घालून कुणी घरी नेऊ शकत नसे. उशांच्या अभ्र्यांना बंबाच्या धुराचा वास यायचा आणि काही लोक तो वास आवडतो म्हणून परत यायचे. हल्ली सुगंधी मेणबत्त्या विकतात त्यांत ‘लाकडी धूर’ नावाची एक असते. मी हुंगून बघितली. तिला त्यातलं काहीही कळलेलं नाही.

माझी मुलगी ओवी पुण्यात एका विमा कंपनीत जोखमीचं गणित मांडते. छत्र विमा आमच्या घरात आला तो तिच्यामुळं, तिच्याच कंपनीचा. त्या सुमाराला कुठल्याशा रिसॉर्टचा झुलता पूल तुटून खटल्याचा निकाल लागला होता, आणि मालकाची सात पिढ्यांची इस्टेट नुकसानभरपाईत गेली होती. त्यानंतर छत्र विम्याशिवाय मोठ्या हॉटेलांच्या परवान्याचं नूतनीकरणच बंद झालं. पाचपेक्षा जास्त खोल्या असल्या की हॉटेल मोठं. आमच्या होत्या बारा.

ओवी सुट्टीला आली होती तेव्हा तिनं स्वयंपाकघरात बसून मला आणि बाबालालला शिकवणी दिली.

‘हे बघ आई, तुझा साधा विमा म्हणजे रेनकोट. कुणी घसरलं, दात पडला, तर तेवढं तो भागवतो. पण त्याला मर्यादा आहे. समजा, गच्चीचा कठडा तुटला आणि अर्धं वऱ्हाड खाली गेलं. कोर्ट म्हणालं, साठ कोटी द्या. रेनकोट तिथं संपतो. तो संपला की त्याच्यावर उघडतं ते छत्र. शंभर कोटींपर्यंत.’

‘आनि ती छत्री मदीच मिटली तर?’ बाबालालनं विचारलं.

‘मग हॉटेल, जमीन, आईच्या पाटल्या, सगळं भिजलं.’

‘माझं तर काय न्हाईच भिजायला,’ असं म्हणून बाबालाल मजेत चहा ओतायला लागला.

शंभर कोटींचं छत्र धरणारे ते फुकट धरत नव्हते. त्यांची एक अट होती, आणि तिचं नाव ‘जाणती फरशी’. फरशीखाली केसाएवढ्या बारीक तारांचं जाळं घालायचं. या तारा अशा पदार्थाच्या की त्यांच्यावर दाब आला की किंचित वीज तयार होते. शेगडीच्या लायटरचा खटका दाबला की ठिणगी उडते, त्यातलंच हे तत्त्व. त्या विजेवरून कळतं की पाऊल केव्हा पडलं, टाच आधी टेकली की चवडा, भार डावीकडं किती आणि उजवीकडं किती. चालणं हे पायांचं काम असं आपण समजतो, पण खरा चालतो तो मेंदू. तो ठाकठीक असेल तर पावलं एकसारख्या ठेक्यात पडतात. त्याचं नियोजन ढिलं व्हायला लागलं की त्या ठेक्यात बारीक चढउतार सुरू होतो, इतका बारीक की त्या माणसाला पत्ता नसतो आणि बायकोलाही दिसत नाही. फरशीला तो महिनोन्‌महिने आधी कळतो. लाखो लोकांच्या पावलांशी ताडून बघून ती सांगते, हा माणूस येत्या दोन-चार दिवसांत पडण्याची शक्यता अमुक इतकी. काउंटरवरच्या पडद्यावर रंग उमटतो: हिरवं, पिवळं किंवा तांबडं.

अनवाणी पाऊल तिला सगळ्यांत स्वच्छ वाचता येतं. आपलं हॉटेल अनवाणी आहे हे मी कंपनीच्या माणसाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, वर त्याचेही पाय धुवायला लावले. तो हरखूनच गेला. देशभरात असं ठिकाण त्यांना दुसरं मिळालं नव्हतं. हप्ता कमी लागला म्हणून मीही खूश. आबांची रीत मी स्वतःच्या हातानं त्यांच्या ताब्यात देतेय, हे त्या वेळी माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

सुरुवातीला फरशीनं कामही चांगलं केलं. सोलापूरच्या एक बाई आल्या होत्या, चाळिशीच्या, टुणटुणीत. फरशी म्हणाली तांबडं. मी त्यांना कशीबशी पटवून कोल्हापूरला डॉक्टरांकडं पाठवलं तर डोक्यात गाठ निघाली, वेळेवर निघाली, आणि दिवाळीला त्यांनी मला इरकल साडी पाठवली. ती नेसून मी गावभर फरशीचं कौतुक सांगत फिरले.

विमापत्रातल्या एका कलमाचं वजन मला नंतर कळलं. फरशीनं तांबडं दाखवलं की आता तुम्हाला माहीत आहे. माहीत असून पाहुण्याला ठेवून घेतलंत तर तुम्ही तो धोका जाणूनबुजून पत्करलात, आणि छत्र त्याच क्षणी मिटलं. आधी माहिती नसणं ही माझ्यासारख्या मालकांची अडचण होती. आता माहिती असणं हा गुन्हा झाला.

आणि तांबडं कुणाचं यायचं? म्हाताऱ्यांचं. ज्यांचे पाय धुताना बाबालाल त्यांच्या नातवंडांची नावं घेऊन चौकशी करायचा, त्यांचं. कंपनीची पांढरी, बिनड्रायव्हरची गाडी यायची आणि त्यांना कोल्हापुरातल्या आरोग्य-निवासात घेऊन जायची. तिथं पलंगाला कठडे होते, भिंतींना दांडे होते आणि खिडकीतून पार्किंग दिसायचं. मी काहीतरी थापा मारायची. पाणी नाही, रंगकाम काढलंय. दोन वर्षांत आमच्या व्हरांड्यातल्या काठ्या दिसेनाशा झाल्या. पहाटे खोकल्याचे आवाज बंद झाले. कोण आधी अंघोळीला जाणार यावरून बंबापाशी भांडणं व्हायची तीही थांबली. राहिली ती कानात इअरफोनची बोंडं घातलेली तरुण पोरं. त्यांचं सगळं हिरवं असायचं आणि ती कुणाशी बोलायची नाहीत. हॉटेल भरलेलं असायचं आणि मला ओकंओकं वाटायचं.

एक माणूस मात्र दोन्ही वर्षं पिवळ्यावर सुटला होता. इचलकरंजीचे जिनगोंडा चौगुले, म्हणजे आमचे अण्णा.

अण्णांचे यंत्रमाग होते. दिवाळी झाली, थंडी पडली की ते आणि त्यांचे तीन दोस्त दोन दिवस पन्हाळ्यावर यायचे, फक्त मेंढीकोट खेळायला. सूतदलाल बाहेती, माग दुरुस्त करणारे जॉबर पिरजादे आणि दातांचे डॉक्टर ढवळे. तीन दरवाजा बघितला का, सज्जाकोठी बघितली का, असं विचारलं तर म्हणायचे, ‘पुढच्या वर्षी.’ दिवसभर व्हरांड्यात पत्ते आणि आरडाओरडा. अण्णा जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे, म्हणून चौघंही त्यांच्याबरोबर उजेडीच जेवायचे आणि मग पिरजाद्यांना पुन्हा भूक लागली की बाबालाल त्यांना मागच्या दारानं ऑम्लेट द्यायचा.

पिरजादे गेले त्या वर्षी तिघंच आले आणि पत्ते वाटून नुसते बसून राहिले. मेंढीकोटाला चार माणसं लागतात, दोन-दोन भिडू. तेव्हा बाबालाल हात पुसत आला आणि रिकाम्या खुर्चीत बसला. डॉक्टर गेले तेव्हा मी बसले. बाहेती गेले तेव्हा ओवी शाळेत होती. ती खुर्चीवर उशी ठेवून बसली, अण्णांची भिडू झाली आणि पहिल्याच डावात तिनं बाबालालची दस्सी, म्हणजे दहाचं पान, मारली. त्या दिवसापासून अण्णा तिला नावानं हाक मारत नाहीत. भिडू म्हणतात. कॉलेज, नोकरी, काहीही असो, ते दोन दिवस ओवी पन्हाळ्याला यायचीच.

त्या वर्षी तिला रजा मिळाली नव्हती. अण्णा एकटेच गाडीतून उतरले. बाबालालनं त्यांना पायरीवर बसवलं, पायांवर पाणी घातलं, पंच्यानं बोटांमधलं पाणीसुद्धा टिपलं. मग अण्णा उठले आणि पायरीपासून खुर्चीपर्यंत चालत आले. मी काउंटरमागं उभी होते. पडद्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण मान वळलीच.

तांबडं. खाली अक्षरं: ‘पर्यायी निवासाची गाडी निघाली आहे. पाहुण्याचे स्थलांतर सूर्यास्तापूर्वी करावे.’

‘वैजू, थंडी यंदा उशिरा आलीया की,’ अण्णा खुर्चीत टेकत म्हणाले. ‘माझा भिडू कुटं हाय?’

‘रजा नाही मिळाली तिला. बसा, चहा आणते.’

मी स्वयंपाकघरात जाऊन चहाच्या पातेल्याकडं बघत उभी राहिले. बाबालाल मागोमाग आला.

‘तांबडं आलं न्हवं?’

‘आलं.’

‘चालताना डावा खांदा पडतोय त्यांचा. म्या तवाच म्हटलं.’ कपबश्या मांडत तो म्हणाला, ‘वैजूताई, ह्यास्नी बी पार्किंग दाखवायचं व्हय?’

मी ओवीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

‘आई, गाडीत बसव त्यांना.’

‘तुझा भिडू आहे तो.’

‘म्हणूनच सांगतेय. ते पडणार आहेत आई. फरशी उगीच तांबडं नाही दाखवत. आणि ‘वस्ती’त पडले तर तुझं हॉटेल जाईल.’

‘एवढंच ना?’

‘एवढंच? मग राहशील कुठं तू?’

‘तुझ्याकडं.’

‘माझ्या चौदाव्या मजल्यावर तू एक आठवडा टिकणार नाहीस. लिफ्टशी भांडशील.’ तिचा आवाज चिरकला. ‘मी निघतेय. तोवर काहीही करू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.’

चहा घेऊन मी बाहेर आले. रंगकामाची थाप ओठांवर तयार होती. पण अण्णांनी तोवर पत्ते पिसायला घेतले होते आणि ते पिसता पिसता सांडत होते. सांडलेला पत्ता उचलायचा, पुसायचा, परत पिसायचा. माझ्यानं खोटं बोलवेना. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. फरशी, तांबडं, छत्र, गाडी, सगळं.

अण्णा हसायला लागले. ‘मग ह्यात नवं काय सांगितलं तुझ्या फरशीनं? मी पडणार ह्ये मला ठावं न्हाई व्हय? मोरीत, आमच्या जैन बस्तीच्या पायरीवर, रोज पडता पडता वाचतोय.’ मग त्यांचं हसू ओसरलं. ‘पर तुझं हॉटेल कशापायी जाणार?’

‘मला माहीत असून ठेवून घेतलं म्हणून.’

‘तुझ्या आबाचं हॉटेल?’

अण्णांनी पत्ते गोळा केले, पुडक्यात नीट घातले आणि खांब धरून उठले. ‘न्हाई बाई. असला डाव न्हाई खेळायचा मला. बाबालाल, चपला दे.’

पांढरी गाडी अंगणात येऊन थांबलीच होती. तिचं दार आपोआप उघडलं आणि आतून एक गोड बाई नमस्कार म्हणाली. अण्णा पायरीवर उभे राहिले आणि पायानं चपला चाचपू लागले. चपला अगदी समोर होत्या. पाय त्यांच्या अलीकडं पडायचा, मग पलीकडं. अण्णा खाली बघत होते आणि चेहऱ्यावर असं काही होतं की जसं कुणी त्यांची भर बाजारात फजिती केलीय. चाळीस वर्षं या माणसाला मी ओरडताना, जिंकताना, पत्ते चोरताना बघितलं होतं. असं ओशाळलेलं कधीच बघितलं नव्हतं.

मला संताप आला. फरशीचा आला, कंपनीचा आला, स्वतःचा तर फारच आला. दोन वर्षं मी माणसांना या दारातून परत पाठवत होते आणि वर त्याला जबाबदारी म्हणत होते. मी खाली उतरले, चपला उचलल्या आणि बाबालालच्या हातात दिल्या.

‘आत ठेव. अण्णा, चला वर. जेवायची वेळ होत आली तुमची.’

‘वैजू, अगं हॉटेल...’

‘हॉटेल माझं आहे. कुणाला ठेवायचं ते मी बघते.’

काउंटरवर जाऊन मी ‘पाहुणा राहणार’ वर बोट ठेवलं. पडद्यानं विचारलं, खात्री आहे का? मी म्हटलं, आहे. मग तो म्हणाला, ‘छत्र संरक्षण समाप्त.’ एवढे तीनच शब्द, शंभर कोटी संपवायला. अंगणातली बाई पुन्हा नमस्कार म्हणाली, दार लागलं आणि गाडी रिकामी खाली उतरली.

कांदा-लसणाशिवायची आमटी, भाकरी आणि वाफेवरचा भात. सूर्य पश्चिमेच्या डोंगरांआड जायच्या आत अण्णांचं जेवण झालं. रात्री उशिरा ओवी आली. तिनं पडदा बघितला, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता भडका उडणार. पण ती पायरीवर जाऊन बसली, बाबालालनं तिच्या पायांवर पाणी घातलं, आणि ती ओल्या पायांनीच येऊन अण्णांसमोरच्या खुर्चीत धपकन बसली.

‘आलीस व्हय भिडू?’ अण्णांचा चेहरा फुलला. ‘वाट बगून पत्ते कुजायला लागलं की गं.’

‘वाटा,’ ओवी म्हणाली. मान खाली होती आणि ती डोळे पुसत होती.

ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत भीतीचे आणि सगळ्यांत सुखाचे होते. अण्णा उठले की आमच्यापैकी एकजण उठायचं. मोरीपर्यंत बाबालाल, व्हरांड्यात ओवी, पायरीवर मी. पाऊल पुढं पडलं की जीव भांड्यात पडायचा, आणि पुढच्या पावलाला पुन्हा बाहेर यायचा. बाकी वेळ तोच जुना आरडाओरडा. कानात बोंडं घातलेली दोन पोरं बोंडं काढून आमच्यामागं उभी राहिली आणि कुणाची दस्सी कुणी खाल्ली यावरून आपसांत पैज लावायला लागली. अण्णा आणि ओवीनं चारही दस्स्या खाऊन आमच्यावर दोनदा कोट चढवला. मेलेल्या तिघांची नावं घेऊन अण्णांनी त्यांना शिव्या घातल्या, इतक्या मायेनं की ते तिघं मागच्या दारापाशी ऑम्लेट खात असावेत असं मला वाटत राहिलं.

निघायच्या दिवशी अण्णांचा मुलगा अभिनंदन स्वतः न्यायला आला. त्याची सूतगिरणी आहे, माणूस आडदांड आणि कमी बोलणारा. हॉर्न ऐकून अण्णा घाईनं उठले. ओवीनं दंड धरलेला होता. उंबऱ्यापाशी त्यांचा डावा पाय उचललाच गेला नाही. ओवीनं त्यांना अंगावर घेतलं आणि दोघंही खाली आले. हाडाचा आवाज मी ऐकला. अभिनंदननं ते पडणं गाडीपाशी उभं राहून डोळ्यांनी बघितलं.

मनगट मोडलं होतं. बाबालालनं वर्तमानपत्राची घडी करून हाताखाली धरली, वरून ओवीच्या ओढणीनं बांधली. अण्णा कण्हत होते, पण बोलत होते. त्यांना गाडीत निजवून अभिनंदन पायरीपाशी परत आला.

‘ताई, एक इचारू? ह्ये पडणार ह्ये तुमास्नी ठावं हुतं का?’

ओवीनं मागून माझा हात घट्ट दाबला. नाही म्हणाले असते तर साध्या अपघातावर भागलं असतं. त्या क्षणी तिथं साक्षीला फक्त आमचीच माणसं होती, आणि अण्णांनीही मान डोलावली असती.

‘होतं,’ मी म्हटलं. ‘फरशीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी ठेवून घेतलं.’

अभिनंदन पायरीवर बसला. एवढा मोठा माणूस, गुडघ्यांत डोकं घालून बसला.

‘आमच्या घरात बी हीच फरशी हाय,’ तो म्हणाला. ‘म्हैना झाला, तांबडंच दावतीया. समदी म्हणत्यात, दवाखान्यात ठेवा. आनि ह्यो रोज सकाळी इचारतोय, पन्हाळ्याला कवा जायचं, म्हणून. म्याच त्याला गाडीत बसीवलं, ताई. मला बी ठावं हुतंच की.’

त्यानं उठून मला वाकून नमस्कार केला, मला नको म्हणायलाही वेळ मिळाला नाही. गाडी हलली तसा आतून अण्णांचा आवाज आला, ‘बाबालालला सांग, कोट दोन चढलं हुतं!’ कोर्टात जायचं असतं तर अभिनंदनला माझं एक वाक्य पुरलं असतं. तो गेला नाही. छत्राविना बारा खोल्यांचा परवाना पुढं मिळाला नाहीच. सात खोल्यांना कुलूप लावून आता पाच चालवते, घरगुती म्हणून. तेवढ्याला छत्र लागत नाही. बाबालाल म्हणतो, बरं झालं, पाणी कमी तापवावं लागतं.

पण त्या सकाळी पुढचं काही ठाऊक नव्हतं. गाडी वळणाआड गेली आणि मी आणि ओवी पायरीवर बसून राहिलो.

‘आज दुपारी कंपनीचा माणूस फरशीची जोडणी तोडायला येईल,’ ती म्हणाली.

‘येऊ दे. पीडा टळेल.’

ती एकदम म्हणाली, ‘मी रोज सकाळी फरशीची नोंद उघडते. पुण्यात, चहा पिताना. पडद्यावर नकाशा असतो, त्यावर ठिपके उमटतात. तू उठतेस. बंबाकडं जातेस, मग देवाकडं, मग उगीचच व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन उभी राहतेस. मग मी कामाला लागते.’

‘माझ्यावर पाळत ठेवतेस?’

‘पाळत काय गं. एवढंच होतं माझ्याकडं तुझं.’ तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ‘फरशी मालकांची नि नोकरांचीही पावलं वाचते. पण त्यांना सांगायचं नाही असा कंपनीचा नियम आहे, नाहीतर कामावरची माणसं भरपाई मागतील. जो सांगेल त्याची नोकरी जाते. आता अण्णांच्या मुलानं विचारलं तेव्हा तू... त्या माणसाला तू सरळ सांगितलंस. आणि मी उन्हाळ्यापासून गप्प आहे, आई.’

‘कशाबद्दल?’

ती माझ्या पायांकडं बघत होती. डाव्या पायाकडं.

मला भीती वाटली. आणि त्याच वेळी या पोरीची फार दया आली. अण्णांची बातमी मला तासभरही पोटात ठेवता आली नव्हती, आणि हिनं माझी इतके महिने एकटीनं वागवली होती. चौदाव्या मजल्यावर, रोज सकाळी, चहाबरोबर.

‘तांबडं?’ मी विचारलं.

‘अजून नाही. पिवळं. पण चढतंय.’

‘किती वेळ आहे माझ्याकडं?’

‘फरशीला तेवढं नाही कळत.’

‘मग तिला काय कळतं डोंबलाचं,’ मी म्हटलं आणि उठायला लागले. बंब थंड व्हायला आला होता, आणि ओवीची अंघोळ राहिली होती. ती माझ्याआधी उभी राहिली. तिनं माझा दंड धरला, दोन्ही हातांनी, इतका घट्ट की तिची नखं रुतली.

‘हळू गं,’ मी म्हटलं. ‘मी कुठं पळून चाललेय?’